धबधबा आणि काळी काच

भंडारदऱ्याजवळच्या रंधा धबधब्याचे पाणी फोटोत पिंजलेल्या कापसासारखे उतरावे, असे वाटते ना? मग शटर निदान सेकंदभर उघडे हवे. पण भर दिवसा तेवढ्या उजेडाने फोटो पांढराफटक होतो. म्हणून भिंगापुढे काळसर काच लावायची, तिलाच न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर म्हणतात. रंग न बदलता ती फक्त उजेड कमी करते.

कोणती घ्यावी? काचेविना १/६० सेकंद पुरत असेल, तर आठपटीच्या काचेने साधारण १/८ सेकंद लागेल, ६४ पटीच्या काचेने एक सेकंद आणि हजारपटीच्या काचेने जवळजवळ १७. धबधब्याला ६४ पटीची बास. हजारपटीची घेतली तर पाण्याची नुसती वाफ होते. शिवाय इतका वेळ फिल्मही मंदावते, हिशेबापेक्षा जास्त उजेड मागते.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण भिंगातून पाहत नाही, शेजारच्या खिडकीतून पाहतो. काच कितीही काळी असो, समोरचे स्वच्छ दिसते. सोय मोठी, पण फसगतही तिथेच! कोणती काच लावली आहे, हे डोळ्याला कळतच नाही. आठपटीची समजून मी हजारपटीची लावली आणि अख्खा रोल कोरा निघाला. तेव्हापासून काचेच्या डबीवर आकडा लिहितो, आणि शटर दाबण्याआधी कॅमेऱ्याच्या पुढे जाऊन एकदा पाहतो.