दिवेवालीचा चेहरा

पावसाळ्यात आपल्या पाचगणीत धुकं दारातून आत येतं आणि वीज जाते, हे काही नवीन नाही. अशाच एका संध्याकाळी आमच्या बचत गटाची बैठक चालली होती. भिंतीवर जुनं कॅलेंडर होतं. हातात दिवा धरलेली बाई, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. खाली छापलेलं नाव राजा रविवर्म्याचं.

ते नाव चुकीचं आहे. रविवर्मा १९०६ साली गेले. हे चित्र १९४५-४६ मधलं, सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. नाव ‘ग्लो ऑफ होप’. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. दिवा धरून उभी राहिली ती त्यांची मुलगी गीता.

आमचा वाद झाला तो तिच्या मनावरून. बहुतेकींना वाटलं, ही कुणाची तरी वाट बघतेय. आमच्यातल्या एका मावशींचे यजमान गेल्या वर्षी गेले. त्या म्हणाल्या, “वाट कसली बघतेय? दिवा विझू नये एवढंच तिच्या मनात आहे.” मग कुणी काही बोललं नाही.

निरांजन लावलं होतंच. मावशींनी ज्योतीपुढं हात धरला, तर बोटांच्या कडा लालसर दिसायला लागल्या. चित्रातही तसंच आहे. साडी जांभळी, उजेड पिवळा. हे दोन रंग एकमेकांच्या विरुद्ध, म्हणून शेजारी आले की दोन्ही उठून दिसतात. भोवती अंधार, त्यामुळं नजर चेहऱ्यावरच थांबते. युरोपात प्रतीकवादी म्हणवणारे चित्रकार होते. वस्तू जशी दिसते तशी काढण्यापेक्षा मनातली अवस्था रंगातून दाखवावी, असं ते म्हणायचे. हळदणकर त्यातले नव्हेत, त्यांनी दिसलं तेच काढलं. तरी मन त्यात उतरलंच.

आणि हे सगळं जलरंगात! तैलरंगात चुकलं तर वरून रंग चढवता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे बऱ्याचदा कोरा ठेवलेला कागद. एकदा तो काळवंडला की पुन्हा तसा उजळत नाही.

गीता उपळेकर २०१८ साली कोल्हापुरात वारल्या, वयाच्या १०२ व्या वर्षी. आमच्या कॅलेंडरवर आता रविवर्म्याचं नाव खोडून हळदणकरांचं लिहिलंय. त्याखाली गीताताईंचंही. अक्षर मावशींचं आहे.