न्हाणीघराचा ढाळ आणि कांचेचें दार

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील इमारतींत एका कुटुंबाच्या न्हाणीघराची जमीन हेंच दुसऱ्या कुटुंबाच्या न्हाणीघराचें छत असतें. त्यामुळें वरच्या घरांतील दुर्लक्षाची शिक्षा बहुधा खालच्या घराला भोगावी लागते. प्रथम छतावर पिवळसर डाग उमटतो, मग रंगाला पोपडे सुटतात आणि शेवटीं गिलावा निखळतो. तोंवर दोन शेजाऱ्यांतील बोलणेंहि बंद झालेलें असतें.

जुन्या घरांतील मोरीला दार नव्हतें. परंतु तिला कांठ होता आणि शहाबादी फरशीला ढाळ होता. आतां मोरीच्या जागीं फवारा आला आणि त्याभोंवतीं कांचेचें दार आलें. दार बसविलें म्हणजे पाणी बाहेर जाणार नाहीं, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः दार अडवितें तें केवळ शिंतोडे. जमिनीवरील पाणी अडवितो तो उंबरठा, आणि तें वाहून नेतो तो ढाळ.

जाळीच्या दिशेनें दर मीटरला सुमारें दीड सेंटिमीटर ढाळ असला म्हणजे पाणी तुंबत नाहीं व पायहि घसरत नाहीं. फरशी पक्की होण्यापूर्वीं गवंड्याकडून पाणसळ लावून घ्यावी, आणि प्रत्येक कोपऱ्यांत तांब्याभर पाणी ओतून पाहावें. उंबरठ्याच्या माथ्यालाहि आंतल्या बाजूस किंचित् ढाळ हवा. नाहीं तर कांचेवरून ओघळलेलें पाणी तेथेंच साचून बाहेर वाट काढतें. दाराबाहेरील तथाकथित कोरड्या भागालाहि स्वतःची जाळी असावी, कारण दार उघडतांना त्यावरील पाणी तेथेंच ठिबकतें.

दाराच्या खालच्या कडेची रबरी पट्टी कांहीं काळानें कडक होते. ती वेळींच बदलावी. चौकटीच्या दाराला सिलिकोन बाहेरच्या बाजूनें भरावें आणि आंतील बारीक छिद्रें मोकळीं ठेवावींत, म्हणजे चौकटींत शिरलेलें पाणी परत आंतच उतरतें. फवाऱ्याचें तोंड दाराच्या फटीकडे न ठेवतां भिंतीकडे ठेवावें. हा उपाय बिनखर्ची आहे.

तथापि खरें रक्षण फरशीच्या खालीं असतें. फरशी आणि तिच्या सांध्यांतील सिमेंट यांतून पाणी थोडेंफार मुरतेंच. हें ज्ञान नवें नाहीं. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहांत सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वीं विटांच्या मागें डांबराचा थर दिलेला आढळतो. मुंबईंत याच कामासाठीं वीटतुकड्यांचा कोबा घालीत आले आहेत. अलीकडे रासायनिक लेपहि देतात. लेप भिंतीवरहि हातभर चढवावा. फरशी बसविण्यापूर्वीं जाळी बंद करून पाणी भरून ठेवावें आणि खालच्या घरांत जाऊन छत पाहावें. फरशी बसल्यावर फोडून पाहणें फार महाग पडतें.

जाळीखालील न्हाणी ट्रॅपमध्यें सुमारें ५ सेंटिमीटर पाणी सदैव उभें असावें. तेंच दुर्गंध आणि झुरळें यांना वर येऊं देत नाहीं. १७७५ मध्यें लंडनच्या अलेक्झांडर कमिंग यानें शौचकूपाच्या नळास दिलेल्या वळणाचें तत्त्व हेंच होतें. घर बंद ठेवून गांवीं गेल्यास तें पाणी आटतें; परत आल्यावर प्रथम बादलीभर पाणी ओतावें. केस आणि साबणाचा मळ आठवड्यास काढावा.

ओल दिसली कीं दोष कोणाचा, हें आधीं ठरवावें. पावसाळ्यांत येऊन वैशाखांत सुकणारी ओल बहुधा बाहेरच्या भिंतीची किंवा गच्चीची असते. बारमाही ओल न्हाणीघराची. जाळी बंद करून जमिनीवर इंचभर पाणी चोवीस तास ठेवावें. डाग वाढला तर जमीन दोषी. न वाढतां, जाळी मोकळी करून पाणी सोडल्यावर वाढला, तर ट्रॅपचा सांधा किंवा निचऱ्याचा नळ. घर बंद असतांनाहि ठिबकत राहिलें तर भिंतींतील पाण्याचा नळ तपासावा.

महाराष्ट्रांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चानें होते. शौचालय, मोरी इत्यादींमुळें होणारी घरांतर्गत गळती सभासदांनीं स्वखर्चानें थांबवावयाची असते. प्रश्न केवळ रंगाचा नसतो. स्लॅबमधील सळई गंजली म्हणजे मूळच्या दुपटीहून अधिक जागा व्यापते आणि भोंवतालचें काँक्रीट फोडते. तेव्हां आज वरच्या घरानें दिलेलीं चोवीस तासांची परीक्षा उद्यां खालच्या घरांतील पाळण्यावर पडूं शकणारा ढलपा वांचविते, आणि त्याबरोबर शेजारहि वांचतो.