चेकआउटवरचं शून्य

आजचा एपिसोड टॅरिफवर आहे. पण व्यापारयुद्धाची चर्चा इथे करणार नाही, ती बातम्यांत भरपूर होते. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. माझ्या कोडमधल्या एका ओळीमुळे ताईला फटका कसा बसला आणि नंतर आम्ही काय बदललं, तेवढंच सांगतो. तुम्ही ऑनलाइन काही विकत असाल तर उपयोगी पडेल.

ताई कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकते. जवळजवळ निम्म्या ऑर्डरी अमेरिकेतून यायच्या, बहुतेक मराठी घरांतून. वेबसाइट मी बनवलेली. त्यात आयात शुल्काच्या जागी मी सरळ शून्य टाकलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'पार्सल घरी येईपर्यंत एक पैसाही जादा लागणार नाही.' तेव्हा ते खरंही होतं. 2016 पासून अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला ड्युटी माफ होती आणि आमचा जोड 40 डॉलरचा.

मग 2025 चा ऑगस्ट आला. 27 तारखेला भारतीय मालावरचं जादा शुल्क 50 टक्क्यांवर गेलं. 29 तारखेला 800 डॉलरची सवलत सगळ्याच देशांसाठी बंद झाली. चीनची तर मे महिन्यातच गेली होती. ड्युटी कोण गोळा करणार आणि कशी भरणार हेच स्पष्ट नव्हतं, म्हणून आपल्या पोस्टाने 25 तारखेपासूनच अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं होतं. ताईने अडकलेल्या ऑर्डरी खासगी कुरियरने पाठवल्या.

न्यू जर्सीतल्या एका काकूंच्या हातात पार्सलबरोबर बिल पडलं. ड्युटी, वर कुरियरची फी. त्यांनी पार्सल घेतलंच नाही. त्यांचं काय चुकलं? साइटवर तर वेगळंच लिहिलं होतं. ताईने पूर्ण पैसे परत केले. चपला परत मागवायचा खर्च चपलांपेक्षा जास्त होता, त्या तिकडेच गेल्या. कारागिराचे पैसे मात्र तिने आधीच दिले होते. मला फोनवर एवढंच म्हणाली, "अरे, ते वाक्य अजून आहे का बघ साइटवर." होतं.

तर आम्ही चार गोष्टी बदलल्या.

पहिली, दर कोडमधून बाहेर काढला. आता एक साधं टेबल आहे: देश, मालाचा एचएस कोड, माल कुठे बनला, दर आणि तो कोणत्या तारखेपासून लागू. तारीख महत्त्वाची, कारण ऑर्डर घेतली त्या दिवशीचा दर लागत नाही. माल तिकडच्या कस्टम्समध्ये दाखल होतो तेव्हाचा लागतो. आणि दुबईमार्गे पाठवली म्हणून कोल्हापुरी चप्पल दुबईची होत नाही. कुठे बनली तेच बघतात.

दुसरी, पूर्ण रक्कम चेकआउटवरच दाखवायची. 50 टक्के दर होता तेव्हा ते असं दिसायचं: चप्पल 40, ड्युटी 20, शिपिंग 15, एकूण 75 डॉलर. ड्युटी आपण आधीच भरायची, ग्राहकाच्या दारात बिल जाऊ द्यायचं नाही. 2025 च्या 15 ऑक्टोबरपासून पोस्टाची सेवा परत सुरू झाली ती याच पद्धतीने: तेव्हा बुकिंग करतानाच घोषित किमतीच्या 50 टक्के भरावे लागायचे. कुरियरने पाठवलं तर त्यावर मालाची मूळ ड्युटीही लागायची, त्यामुळे तेव्हा छोट्या पार्सलला पोस्ट परवडायचं.

तिसरी, बिल नीट बनवायचं. अमेरिकेत ड्युटी मालाच्या किमतीवर लागते, आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर नाही. 50 टक्के दर असताना 'फ्री शिपिंग' म्हणून बिलावर नुसते 55 डॉलर लिहिले, तर 20 ऐवजी साडेसत्तावीस डॉलर ड्युटी लागायची. शिपिंग वेगळं दाखवा. पण किंमत कमी दाखवणं, विकलेल्या मालावर 'गिफ्ट' लिहिणं, हे सल्ले देणारे बरेच भेटतील. ती सरळ फसवणूक आहे. माल अडकला तर ते लोक फोनही उचलणार नाहीत.

चौथी, एका देशावर अवलंबून राहायचं नाही. ताई आता लंडन-दुबईच्या आणि आपल्या पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांकडे जास्त लक्ष देते. अमेरिकेत दोन जोड एकत्र घ्यायला सुचवते. त्याने ड्युटी कमी होत नाही, पण शिपिंगचा भार जोडामागे हलका होतो.

याने सगळं ठीक झालं का? नाही. 75 चा आकडा बघून बरेच जण तिथूनच मागे फिरले. अमेरिकेच्या ऑर्डरी घटल्यात, म्हणजे कारागिराचं कामही घटलंय. कोड लिहून टॅरिफ कमी होत नाही. पण जो ऑर्डर देतो, त्याला पार्सल मिळतं आणि दारात धक्का बसत नाही. न्यू जर्सीच्या काकूंनी मात्र परत ऑर्डर दिलेली नाही.

तुम्ही हे ऐकाल तोवर दर कदाचित पुन्हा बदललेला असेल. म्हणूनच आज एक काम करा. आपल्या साइटवर जाऊन ग्राहकाला दिलेलं प्रत्येक वचन वाचा आणि विचारा, हे आजही खरं आहे का?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!