सरकारी घोड्याचा झाडा

(माजी सैनिक व त्यांच्या घरच्या मंडळींच्या बैठकींत केलेलें भाषण)



आम्ही उभे राहिलों तेव्हां तुमच्यापैकीं पुष्कळांना वाटलें असेल कीं आतां शौर्याविषयीं दोन शब्द ऐकावयास मिळतील. पलटणींतून परत आलेल्या माणसांपुढें शौर्याचें व्याख्यान देणें म्हणजे कुणब्याला नांगर कसा धरावा हें शिकविणें. तो आगाऊपणा आम्ही करणार नाहीं. आम्ही बोलणार आहों तें ब्लँकेटाविषयीं, बुटांविषयीं, घोड्याच्या चंदीविषयीं आणि दारूगोळ्याच्या कोठाराविषयीं. फौज ज्या मालावर उभी असते त्या मालाचा जबाब कोणी द्यावयाचा, एवढाच आजचा विषय.

आमचे एक चुलते पलटणींत स्टोअरचें काम करीत. बदली होऊन नव्या जागीं गेले तेव्हां आधींच्या माणसाला गाडी गांठावयाची घाई होती. काकांनीं मोजदाद न करतां चार्ज घेतला आणि सही ठोकली. चार महिन्यांनीं तपासणी निघाली, तों अकरा ब्लँकेटें कमी. वही म्हणे आहेत, मांडणी म्हणे नाहींत. ब्लँकेटें कोणी नेलीं हें कोणालाच सांगतां येईना. पण सही कोणाची हें सर्वांना दिसत होतें. रक्कम पगारांतून कापली गेली. पुढें सुटीवर आले म्हणजे काका आम्हां पोरांना सांगत, "बाबांनो, गोळी एखादे वेळीं चुकवितां येते, सही चुकवितां येत नाहीं." आम्हांला हंसूं यावयाचें. आज विचार करतां वाटतें कीं काकांवर अन्याय झाला असें म्हणतां येणार नाहीं. त्यांनीं मोजावयास पाहिजे होतें. अन्याय आहे तो दुसरीकडेच आहे.

तो कोठें आहे हें सांगण्याआधीं साडेतीनशें वर्षें मागें जाऊं.

इ. स. १६७३ च्या मे महिन्यांत, म्हणजे पावसाळा तोंडावर असतांना, शिवाजी महाराजांनीं चिपळूणकडे छावणीस असलेल्या लोकांना एक पत्र पाठविलें. तें पत्र मराठी वाचणाऱ्या प्रत्येकानें एकदां तरी मुळांतून वाचावें. त्यांत लढाई नाहीं, किल्ला सर केल्याचा डौल नाहीं. आहे तो दाणा, गवत आणि दिव्याची वात. महाराज सांगतात कीं छावणीसाठीं जें सांठविलें आहे तें पावसाळाभर पुरवावयाचें आहे. आज मनास येईल तसें घोड्यांपुढें टाकलेंत तर भर पावसांत कांहींच उरणार नाहीं. घोडीं उपाशीं मरतील, आणि तीं तुम्हीच मारलीं असें होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरांत शिरणार, कोणी दाणे आणणार, कोणी भाकर, कोणी भाजी. तेव्हां रयत म्हणेल कीं यांच्यापेक्षां मोगल बरे. त्याच पत्रांत आगीविषयीं ताकीद आहे. कोणी गवताजवळ चूल मांडील, कोणी तंबाखूसाठीं विस्तव नेईल, वारा असेल, एकदां पेटलें म्हणजे सगळें खाक. रात्रीं दिवा जळत ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, हेंही सांगावयास महाराज विसरले नाहींत.

राजानें उंदराचा विचार केला याचें आम्हांला मोठें कौतुक वाटतें. पण त्याहून मोठी गोष्ट पत्राच्या मायन्यांत आहे. पत्र कोणाला आहे? मोतद्दाराला नाहीं, बारगिराला नाहीं. जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना आहे. गवत जळेल तें एखाद्या गरीब पोराच्या चिलमीनें, हें महाराजांना ठाऊक होतें. पण चिलीम कोठें ओढावी हें पाहण्याचें काम ज्याचें, त्याच्या गळ्यांत त्यांनीं दोष आधींच बांधून ठेवला. आग लागल्यावर चौकशी नेमण्याची ही रीत नव्हे. आग लागण्यापूर्वींच धनी ठरविण्याची ही रीत आहे.

कृष्णाजी अनंत सभासदानें आपल्या बखरींत फौजेची व्यवस्था लिहून ठेवली आहे, तींतही हेंच सूत्र सांपडतें. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा, शिलेदार म्हणजे स्वतःचें घोडें आणणारा. पागेंत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्या घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद. दसऱ्यानंतर फौज मुलुखगिरीला निघावयाची तेव्हां प्रत्येकाचा झाडा घ्यावयाचा, म्हणजे त्याच्यापाशीं काय काय आहे त्याची यादी करावयाची. परत आल्यावर पुन्हां झाडा. अधिक निघालें तें सरकारजमा. हा झाडा लहानाचा तसाच थोराचाही घेतला जाई. आजच्या भाषेंत त्याला इन्व्हेंटरी म्हणतात आणि ती शिकविण्यासाठीं परदेशांतून पुस्तकें येतात.

किल्ल्यावर तर एकाच्या हातीं सर्व दिलेंच नव्हतें. हवालदार, सरनोबत आणि सबनीस यांनीं मिळून कारभार करावयाचा, आणि धान्याचा व सामानाचा हिशेब कारखानीसानें ठेवावयाचा. कोणत्या जागेवर कोणत्या जातीचा माणूस असे यावर आमच्या मंडळींत पुष्कळ शाई खर्च झाली आहे. ती चर्चा वायां गेली असें नाहीं, पण आज आम्हांला तिच्यांतली एकच गोष्ट पाहिजे. ज्याच्या हातीं किल्ली त्याच्याच हातीं वही नसावी. दोन्ही एका हातीं पडल्या म्हणजे कोठार रिकामें आणि वही भरलेली राहते.

रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र १७१५ सालचें. त्यांत दारूखान्याविषयीं लिहिलें आहे तें असें: दारूखाना वस्तीजवळ नसावा, आठ-पंधरा दिवसांनीं हवालदारानें स्वतः येऊन दारू व बाण बाहेर काढावे, त्यांना ऊन द्यावें आणि पुन्हां मोहोर करून ठेवावे, पहाऱ्यावर माणसें असावींत आणि परवानगीवांचून कोणाला जवळ फिरकूं देऊं नये. "स्वतः येऊन" हे दोन शब्द ध्यानांत ठेवा.

आतां आपल्या वर्धा जिल्ह्यांत या. पुलगांवला लष्कराचें मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे, देशांतल्या सर्वांत मोठ्या भांडारांपैकीं एक. ३१ मे २०१६ च्या पहाटेच्या अंधारांत तेथें आग लागली आणि स्फोट झाला. दोन अधिकारी धरून सोळाहून अधिक माणसें गेलीं. त्यांतलीं बहुतेक आग विझवावयास धांवलेलीं होतीं. सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक द्रव्य पाझरत होतें, हा प्रश्न त्यानंतर चव्हाट्यावर आला. पाझरणारा सुरुंग म्हणजे कांहीं चिलमीचा विस्तव नव्हे कीं वाऱ्यानें क्षणांत पेटला. तो पाझरतो तेव्हां कोणी तरी पाहतो, कोणी तरी लिहितो, आणि लिहिलेला कागद कोणाच्या तरी मेजावर पडून राहतो. आगीशीं झुंजून मेलेल्या माणसाची सही त्या कागदावर नव्हती. महाराजांचें पत्र ज्याला लिहावयाचें तो माणूस मेजाच्या पलीकडे बसलेला असतो.

अन्याय दुसरीकडे आहे असें आम्ही म्हटलें तें हेंच. कायदा पाहा. आर्मी अ‍ॅक्ट, १९५०, कलम ५४. सरकारी शस्त्र, दारूगोळा, साहित्य विल्हेवाटीस लावणाऱ्या शिपायाला दहा वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. केवळ हयगयीनें हरवलें तरी पांच वर्षांपर्यंत. कलम कडक आहे आणि तें कडक असावें, कारण हरवलेली रायफल गांवांत नाहीं तर दरोडेखोराच्या खांद्यावर जाते. कोतांतून रायफल काढतांना तुम्ही नंबर बोलून सही केली आहे, परत ठेवतांना पुन्हां केली आहे. एक पुंगळी कमी भरली म्हणून सगळी कंपनी गुडघ्यांवर बसून रेंजवरचें गवत चाळते, हें येथें बसलेल्यांपैकीं कोणी केलें नाहीं?

आतां दुसरें टोंक पाहा. १९४८ सालीं काश्मिरांत लढाई चालू होती आणि फौजेला जीप गाड्या पाहिजे होत्या. लंडनमधील आपले हायकमिशनर व्ही. के. कृष्ण मेनन यांनीं एका विलायती कंपनीशीं करार केला. सुमारें ८० लाख रुपयांचा व्यवहार. आल्या त्या १५५ जीप, आणि त्या फौजेच्या कामाच्या नव्हत्या. लोकलेखा समितीनें ताशेरे ओढले. मेनन यांनीं पैसा खाल्ला असें आम्ही म्हणत नाहीं. तें कोठें शाबीत झालेलें नाहीं. पण शाबीत होण्यास आधीं चौकशी पुरी व्हावी लागते! ३० सप्टेंबर १९५५ रोजीं गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनीं सांगून टाकलें कीं सरकारपुरतें हें प्रकरण मिटलें, विरोधकांचें समाधान नसेल तर त्यांनीं तो निवडणुकीचा मुद्दा करावा. पुढच्याच फेब्रुवारींत मेनन मंत्रिमंडळांत आले आणि १९५७ सालीं संरक्षणमंत्री झाले. अकरा ब्लँकेटांचा हिशेब आमच्या काकांनीं महिन्यामहिन्यानें फेडला. १५५ जीपांचा हिशेब मतपेटींत टाकण्यास सांगण्यांत आलें.

हें आपल्याकडेच चालतें असें समजूं नका. अमेरिकेसारखें राज्य, ज्याच्या यंत्रांची जगांत तारीफ होते, त्याची गोष्ट ऐका. इराकच्या नव्या फौजेला त्यांनीं हत्यारें वाटलीं. २००७ सालीं त्यांच्याच सरकारी हिशेबतपासनिसांनीं लिहिलें कीं सुमारें १,१०,००० एके-४७ रायफली आणि ८०,००० पिस्तुलें यांचा मेळ लागत नाहीं. त्यांच्या संरक्षणखात्याची संपूर्ण हिशेबतपासणी पहिल्यांदा झाली ती २०१८ सालीं. तींत खातें नापास झालें आणि त्यानंतरच्या वर्षींही पुन्हां पुन्हां नापास होत राहिलें. एवढें मात्र त्यांच्या पदरीं टाकलें पाहिजे कीं नापास झाल्याचें त्यांनीं छापून प्रसिद्ध केलें.

आपल्याकडेही महालेखापरीक्षक आहेत, आणि त्यांचे अहवाल तुमच्यासाठीं आहेत. दारूगोळ्याचा सांठा चाळीस दिवसांच्या घनघोर लढाईला पुरावा असें ठरलेलें असतांना, सप्टेंबर २०१६ मध्यें १५२ प्रकारांपैकीं ४० टक्के प्रकार दहा दिवसही पुरणारे नव्हते, असें त्यांच्या २०१७ च्या अहवालांत आहे. असें कांहीं छापून आलें म्हणजे लगेच ओरड होते कीं शत्रूला माहिती मिळाली. सांठा कोठें ठेवला आहे हें सांगूं नये, हें आम्हांला मान्य आहे. पण सांठा कमी ठेवल्याबद्दल कोणी जबाब दिला, हें सांगितल्यानें कोणत्या शत्रूचें फावतें? चिपळूणच्या छावणींत गवत संपलें असतें तर तें मोगलाला कळण्याआधीं कुणब्याला कळलें असतें, कारण घोडेस्वार त्याच्याच परसांत शिरला असता.

आपले आजे-पणजे अंगठा उठवीत आणि कोणत्या कागदावर उठविला हें विचारीत नसत. तुमचीं पोरें आतां बारावी होऊन, पदवी घेऊन भरतीला जातात. त्यांना धांवण्याचा सराव करवितां तसा हाही करवा. मोजल्याशिवाय चार्ज घ्यावयाचा नाहीं, वरिष्ठ घाई करीत असला तरी नाहीं. कमी भरलें तर कमी लिहूनच सही करावयाची आणि नक्कल स्वतःपाशीं ठेवावयाची. नादुरुस्त माल दिसला तर तोंडी सांगून थांबावयाचें नाहीं. तारखेनिशीं कागद वर पाठवावयाचा. असा माणूस साहेबांना कटकट्या वाटतो हें आम्ही जाणतों. वाटूं द्या.

पुलगांवची एक गोष्ट राहिली. २० नोव्हेंबर २०१८ रोजीं तेथल्या भांडाराजवळ, जुना दारूगोळा निकामी करण्याच्या मैदानावर, पेट्या उतरवितांना स्फोट झाला. सहा माणसें मेलीं. त्यांत बहुतेक आसपासच्या खेड्यांतले कंत्राटी मजूर. त्यांना पलटणीचा गणवेश नव्हता, पलटणीची पेन्शन नव्हती. त्या दारूगोळ्याची नोंद कोणत्या ना कोणत्या लेजरांत होती, कारण फौजेंत नोंदीवांचून एक पेटी हालत नाहीं. ती पेटी कोणाच्या खांद्यावर द्यावयाची, त्याला आधीं कांहीं शिकवावयाचें कीं नाहीं, आणि त्याचें कांहीं बरेंवाईट झालें तर कोणत्या हुद्द्याच्या माणसानें त्याच्या बायकोपुढें उभें राहावयाचें, हें कोणत्या लेजरांत लिहिलेलें असतें? येथें कोणी ऑर्डनन्समध्यें नोकरी केलेला असेल तर त्यानें उठून सांगावें. आम्ही बसतों.