गुणांचा आकडा व विषयाचा गाभा



धान तराजूने तोलतात, कापड मीटरने मोजतात. त्या दोन आकड्यांची तुलना कोणी करीत नाही. मात्र भाषेत 60 व गणितात 40 गुण दिसताच मूल ‘गणितात कच्चे’ ठरते. गणिताची प्रश्नपत्रिकाच अवघड असेल तर?

13 नोव्हेंबर 2017 च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात तिसरी, पाचवी व आठवीच्या मुलांची तपासणी अध्ययन निष्पत्तींनुसार झाली. गोंदिया जिल्ह्यातील प्रत्येक वर्गात हेच तत्त्व आचरणात यावे. आधी विषयाचा गाभा ठरवावा: उताऱ्याचा आशय सांगणे, हातच्याची वजाबाकी करणे, गावतलावात पाणी कोठून येते हे ओळखणे. मग गाभ्यातील काय आले, काय राहिले, याचीच तुलना करावी. केवळ आकड्यावरून कोणा मुलावर शिक्का बसू नये.