आजच्या दिवसाची नोंद

(मंडळाच्या पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



पालकांनी आपल्या अनुभवाचे चार शब्द सांगावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, म्हणून आम्ही उभयता आपणांसमोर उभे आहोत. आम्ही शिक्षणतज्ज्ञ नाही, साहित्यिक तर नाहीच नाही. आमच्यापाशी सांगण्याजोगी एकच गोष्ट आहे. ती म्हणजे आमच्या घरातील फडताळात असलेल्या अकरा वह्या. त्या कशा सुरू झाल्या आणि त्यांनी आम्हांस काय दिले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

1987 साली नोकरीच्या निमित्ताने आम्ही बंगळूरास आलो आणि बसवनगुडीत दोन खोल्यांचे बिऱ्हाड केले. पुढच्याच वर्षी मुलगा झाला. मातोश्री सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी राहत. त्यांना दर रविवारी एक अंतर्देशीय पत्र टाकण्याचा नेम आम्ही कधी चुकविला नाही, आणि त्याचा आम्हांस अभिमानही होता. 1994 साली मातोश्री निवर्तल्या. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांच्या ट्रंकेत आमच्या पत्रांचा गठ्ठा सापडला. दोऱ्याने बांधलेला, तारीखवार लावलेला. मुलाचे बालपण अनायासे हाती लागले, अशा आनंदाने आम्ही तो सोडला. पण पत्रांत होते काय? 'येथील सर्व क्षेम.' 'चिरंजीव खुशाल आहे.' 'दिवाळीस रजा मिळाली तर येतो.' 'पुढील वर्षी बढतीचा योग दिसतो.' सहा वर्षांची पत्रे, पण मूल पहिले पाऊल कोणत्या दिवशी टाकते झाले, त्याला कशाचे भय वाटे, तो कशाने खुदकन हसे, यांपैकी एक ओळ नाही. दूर खेड्यात बसलेली आजी ती पत्रे पुनःपुन्हा वाचीत होती आणि तिच्या पदरी आम्ही दर आठवड्यास 'क्षेम' हा एकच शब्द घालीत होतो. त्याहून दुःखाची गोष्ट अशी की, त्या रात्री आम्ही दोघांनी ते प्रसंग आठवू म्हटले, तर आम्हांसही आठवेनात.

असे का झाले, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. परमुलखी राहणाऱ्या माणसाच्या मनाला दोनच काळ ठाऊक असतात. एक मागचा, म्हणजे गाव, वाडा, विहीर, तिकडची माणसे. दुसरा पुढचा, म्हणजे बढती, स्वतःचे घर, मुलांची शिक्षणे, आणि निवृत्तीनंतर 'परत जाणे'. या दोहोंच्या मध्ये जो आजचा दिवस असतो, तो आगगाडीच्या प्रवासातील लहान स्थानकासारखा नाव न वाचताच मागे पडतो. त्यातून बंगळूरची हवा अशी समशीतोष्ण की, एक दिवस दुसऱ्यासारखा भासावा. आमची मुले मात्र या 'मधल्या' काळातच वाढत होती. त्यांना दुसरा काळ नव्हता आणि दुसरे गावही नव्हते.

त्या वर्षीच्या दसऱ्यास आम्ही एक दोनशे पानी वही आणली आणि ठरविले की, रात्रीची निजानीज झाल्यावर रोज चार ओळी लिहावयाच्या. ही कल्पना काही नवी नव्हे. रोज काहीतरी लिहावे, हा उपदेश समर्थांच्या नावाने आपल्या घरोघर सांगितला जातो. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास तर लेखनक्रियेवरच आहे. पेशवाईतील कारभाराच्या रोजनिश्या प्रसिद्ध आहेत, आणि गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले त्यांतील उतारे ग्रंथरूपाने छापलेही गेले. हिशेब टिपून ठेवणे आपल्या रक्तातच आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचा खाडा आपण न चुकता लिहितो. आमच्या मनात आले, दूधवाल्याच्या खाड्याची नोंद ठेवणारे आपण, मुलांच्या सहवासात आपलाच किती खाडा पडतो, हे कोठे लिहितो?

पहिले पंधरा दिवस फजितीचे गेले. रात्री वही उघडावी, तर लिहावयास काही सुचू नये. 'आज विशेष काही नाही' हे वाक्य सलग पाच रात्री लिहिल्यावर आमचीच आम्हांस लाज वाटू लागली. मग हळूहळू एक चमत्कार घडला. रात्री काहीतरी लिहावयाचे आहे या धाकाने डोळे दिवसाच शोध घेऊ लागले. लिहिणे रात्री चार ओळींचे, पण पाहणे दिवसभराचे झाले. एखाद्याने सकाळी फुले वेचावयाची म्हणून परडी हाती घ्यावी आणि तोवर न दिसलेली फुलझाडे त्याला दिसू लागावीत, तसे आमचे झाले.

त्या वेळी आमची कन्या दीड वर्षाची होती. वहीतील एक नोंद अशी आहे : 'अक्षय्यतृतीया. दुधाची वाटी दूर सारून "बेड" म्हणाली. "नको" अजून येत नाही. शेजारच्या अक्कांचा विजय.' बेड म्हणजे कानडीत नको. एरवी आम्ही तिला तत्काळ सुधारून मोकळे झालो असतो. लिहावयाचे होते म्हणून थांबलो, हसलो, आणि अक्कांना जाऊन सांगितले. दुसरी नोंद कार्तिकातील शेवटच्या सोमवारची, दोड्ड बसवण्णाच्या देवळापाशी भरणाऱ्या शेंगांच्या जत्रेची, जिला येथे कडलेकाई परिषे म्हणतात : 'गर्दीत खांद्यावरच झोपली. घरी येऊन मूठ उघडली तर आत दोन शेंगा. घाम आलेल्या.' बस, एवढेच. पण ती मूठ उघडताना आम्ही दोघेही तेथे होतो, मनानेसुद्धा तेथेच होतो.

पुढे वाचनात आले की, चार्ल्स डार्विन या थोर शास्त्रज्ञानेही असेच टिपण ठेविले होते. 1839 च्या डिसेंबरात त्याचा पहिला मुलगा जन्मला, तेव्हापासून तो त्या अर्भकाचे शिंकणे, रडणे, रागावणे, हसणे टिपीत असे. ती टिपणे 1877 साली निबंधरूपाने प्रसिद्ध झाली. हा झाला शास्त्रज्ञ. परंतु 1851 च्या एप्रिलमध्ये त्याची लाडकी मुलगी ॲनी दहाव्या वर्षी वारली, आणि आठवड्याच्या आत त्याने तिच्याविषयी काही पाने लिहून काढली. तिच्या स्वभावाचे विशेष पुढे आठवावेत, म्हणून ती पाने लिहीत असल्याचे त्याने त्यांतच नमूद केले आहे. एवढ्या सूक्ष्म दृष्टीच्या पित्यासही स्मृतीचा भरवसा वाटला नाही, मग आपली काय कथा!

आता जी गोष्ट सांगावयाची, ती आमच्या चुकीची आहे, आणि तिच्यासाठीच आम्ही हे भाषण करण्याचे धाडस केले. 1996 साली मुलगा आठ वर्षांचा होता. त्याला मराठी वाचन नुकतेच जमू लागले होते. एके दिवशी आम्ही घरी परतलो, तो चिरंजीव वही उघडून बसलेले. त्याने विचारले, 'यात मी कुठे आहे?' आम्ही म्हटले, 'आहेस की!' त्याने बोट ठेवून आपले नाव जेथे जेथे होते ती ती जागा दाखविली. 'गणितात 50 पैकी 41.' 'ताप 102.' 'शाळेची फी भरली.' दोन वर्षांच्या नोंदींत तो आम्हांस गुण, ताप आणि फी एवढाच दिसला होता. बहीण लहान म्हणून तिचे सारे कौतुक. तो शाळेत जातो म्हणून त्याचा केवळ हिशेब. आमच्यापाशी उत्तर नव्हते. वहीने आम्हांस पाहावयास शिकविले, अशी आमची समजूत होती. आम्ही कोणाकडे पाहत नव्हतो, तेही वहीनेच दाखविले.

त्या रात्री नियम बदलला. दोन्ही मुलांसाठी रोज निदान एकेक ओळ. आणि गुण लिहावयाचे नाहीत. दुसऱ्या दिवशीची त्याच्या नावची ओळ अशी आहे : 'बुटाची नाडी बांधताना जीभ बाहेर काढतो.' आठ वर्षे हे आमच्यासमोर होत असले पाहिजे. आम्ही ते त्या सकाळी प्रथम पाहिले. गेलेली वर्षे परत आली नाहीत, आणि त्यांचा सल अजून आहे. पण उरलेली वर्षे आमच्या हातून सुटली नाहीत.

अनुभवाने सुचलेले थोडे सांगतो. भाषा सजवू नये. मूल जे बोलले तेच लिहावे, कानडी असेल तर कानडी. उपदेश लिहू नये. राहिलेले दिवस मागाहून भरून काढू नयेत. कोरे पान हीदेखील खरी नोंद आहे. वही पाहुण्यांसमोर वाचून मुलास ओशाळवाणे करू नये, आणि ते मोठे झाल्यावर त्याची संमती घ्यावी. आज प्रत्येकाच्या हातातील फोनमध्ये हजारो छायाचित्रे असतात, ती असावीत. पण छायाचित्र काढताना माणूस यंत्रामागे उभा राहतो, आणि एक ओळ लिहिताना त्याला दिवसभर मुलाजवळ राहिलेले असावे लागते.

आज दोन्ही मुले परगावी आहेत, आणि 'तिकडचे' म्हणजे आता आम्हीच झालो आहोत. आठवड्याला फोन येतो. 'सगळं ठीक आहे' असे ते सांगतात. तेव्हा मातोश्रींच्या ट्रंकेतील गठ्ठा आठवतो आणि आम्ही विचारतो, 'ते राहू दे. आज काय झाले ते सांग.' आम्हांस पूर्वी वाटे की, ह्या वह्या आम्ही पुढील काळासाठी लिहीत आहोत. खरे पाहता त्या क्वचितच उघडल्या जातात. त्यांचे मोल ज्या त्या दिवशीच आमच्या पदरात पडून गेले होते.

मित्रहो, आपले मंडळ पन्नास वर्षांचे झाले, तेही एकेका संध्याकाळी जमलेल्या माणसांमुळेच. आज घरी गेल्यावर दिवा मालवण्यापूर्वी एवढेच करावे : आपल्या मुलाने आज काय केले, याची एक ओळ लिहावी. सुचली नाही, तर उद्या सकाळी त्याच्याकडे जरा निरखून पाहावे.