उन्हाळी टोमॅटो आणि उष्णतेची लाट

(सरपंच, ग्रामसेवक व प्राथमिक शिक्षक यांच्या शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

सन २०२३ च्या मे महिन्यात नाशिक आणि पुणे जिल्ह्यांतील अनेक टोमॅटो उत्पादकांना तोडणीचा आणि वाहतुकीचा खर्चही सुटेना. काहींनी भरलेले क्रेट रस्त्याच्या कडेला रिते केले. दोन महिने उलटतात न उलटतात तोच, जुलैमध्ये, त्याच टोमॅटोने शहरांच्या किरकोळ बाजारात किलोला शंभर रुपयांचा टप्पा ओलांडला. या चढउतारामागे कारणे अनेक होती. मात्र त्यांपैकी एक कारण शेतातच, फुलोऱ्यावर आलेल्या झाडात दडलेले असते, आणि त्याची चर्चा बाजारभावाच्या मानाने फारच थोडी होते. ते कारण म्हणजे उन्हाळ्यातील उष्णता.

हवामान विभागाच्या व्याख्येनुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस असावे लागते आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून अधिक वाढले, म्हणजे उष्णतेची लाट आली असे मानतात. टोमॅटोला ही व्याख्या ठाऊक नाही. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचे २४ अंशांच्या वर राहू लागले, की त्याची फलधारणा घटू लागते. लाट जाहीर होण्याच्या कितीतरी आधी टोमॅटोच्या लेखी ती सुरू झालेली असते. २०२२ चा मार्च महिना देशाच्या सरासरी कमाल तापमानाच्या दृष्टीने १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. पूर्वी जे संकट एप्रिलअखेरीस येई, ते आता मार्चमध्येच दाराशी येऊन उभे राहू शकते, हा त्याचा अर्थ.

टोमॅटोचे फूल स्वपरागित आहे. पुंकेसरांची एक नळी असते आणि स्त्रीकेसर तिच्या आत सुरक्षित असतो. वाऱ्याने फूल हलले, की परागकण आतल्या आत कुक्षीवर पडतात. तीव्र उष्म्यात दोन गोष्टी बिघडतात. एक तर स्त्रीकेसर लांबून नळीबाहेर डोकावतो आणि परागकण त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. दुसरे म्हणजे परागकणच निर्जीव निपजतात. उष्ण रात्री झाडाचा श्वसनाचा वेग वाढून दिवसभर साठविलेले अन्न खर्ची पडते, त्यामुळे या हानीत भरच पडते. म्हणून दुपारच्या उन्हाइतकीच, किंबहुना काकणभर अधिकच, काळजी रात्रीच्या उकाड्याची करावयास हवी.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. परागकणांची हानी फूल उमलल्यावर होते असे नव्हे, तर उमलण्यापूर्वी सुमारे एक ते दोन आठवडे, कळी अगदी लहान असताना होते. परिणामी लाट ओसरून हवा निवळल्यानंतरही आठवडा-दहा दिवस फुले गळतच राहतात. शेतकरी बुचकळ्यात पडतो. ऊन तर कमी झाले, मग गळ का थांबत नाही? हा रोग असावा अशी त्याची समजूत होते आणि दुकानदार सांगेल ती औषधे एकामागून एक फवारली जातात. कोणी युरियाची मात्रा वाढवितो. नत्र वाढले, की झाड पानांनी माजते आणि फुलगळ आणखी वाढते. उधारीवर आणलेल्या या अनावश्यक निविष्ठांचा बोजा पुढे तोडणीच्या पट्टीतून वळता होतो. झाड सशक्त असेल तर थोडा धीर धरावा. नव्या कळ्यांतून फळ धरते. हा एवढा सल्ला वेळेवर मिळाला, तरी कुटुंबाचे काही हजार रुपये वाचू शकतात.

फळांवरही उन्हाचे परिणाम निराळे दिसतात. टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन हे द्रव्य ३० अंशांच्या वर नीट तयार होत नाही, पिवळी छटा देणारे द्रव्य मात्र तयार होत राहते. म्हणून फळ पिवळसर-नारिंगी राहते. अशी फळे रंग फिरू लागताच तोडून सावलीत, हवेशीर जागी ठेवली तर पुष्कळ सुधारतात. फळाच्या तळाशी काळा, खोलगट डाग पडतो तो बहुधा बुरशीचा नसून पाण्याच्या अनियमिततेचा असतो. पाण्याच्या ओढीमुळे चुना, म्हणजे कॅल्शियम, फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. दुपारी पाने वळतात, तेव्हाही घाबरण्याचे कारण नसते. सकाळी ती पूर्ववत झाली असतील तर झाडाने स्वतःच्या बचावासाठी केलेली ती युक्ती होय. सकाळीही पाने वळलेली, बारीक व पिवळट असतील तर मात्र विषाणूची शंका घ्यावी.

विषाणूचा हा धोका काल्पनिक नाही. २०२० च्या उन्हाळ्यात अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) व पुणे जिल्ह्यांत फळांवर रंगांचे पट्टे उमटले आणि लोकांनी त्याला ‘तिरंगा’ असे नाव दिले. त्यामुळे बाजारात अफवांचे पेव फुटले व टोमॅटो खाणे धोक्याचे आहे अशीही आवई उठली. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेत नमुन्यांची तपासणी झाली, तेव्हा ते वनस्पतींचे विषाणू असल्याचे आढळले. माणसाला त्यांची बाधा होत नाही. मावा, फुलकिडे आणि पांढरी माशी हे त्यांचे वाहक. एकदा लागण झाली की कोणतेही औषध झाड बरे करीत नाही. रोपे कीडरोधक जाळीत वाढविणे, लागवडीपूर्वी कडेने मक्याच्या दोन-तीन ओळी पेरणे आणि रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करणे, हेच खरे उपाय. मक्याची ही भिंत पश्चिमेकडील झळाही अडविते. काही ठिकाणी शेतकरी जुन्या साड्यांचे आडोसे उभारतात. त्याला कोणी हसू नये, आडोशाने काम भागते.

उपायांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे लागवडीची तारीख. पुनर्लागवडीनंतर सुमारे महिन्याने झाड फुलोऱ्यावर येते. जानेवारीच्या पूर्वार्धात लावलेल्या पिकाला निदान पहिला बहर तुलनेने थंड रात्री मिळतो. फेब्रुवारीअखेरच्या लागवडीला फुलोरा थेट एप्रिलच्या तोंडी सापडतो. उशिरा लावणाऱ्यांच्या मनात जूनचा चढा भाव असतो, आणि २०२३ चा अनुभव पाहता तो निराधार म्हणता येणार नाही. परंतु ज्याच्या विहिरीला मेमध्ये तासभरच पाणी असते, त्याने तो जुगार खेळू नये. विहिरीचे मे महिन्यातील पाणी मोजून मगच क्षेत्र ठरवावे. वाणाची निवडही महत्त्वाची; पुसा हायब्रीड-१ सारखे उष्ण रात्री सहन करणारे वाण याच कारणासाठी विकसित झाले आहेत.

ठिबकाने पहाटे थोडे थोडे व नियमित पाणी देणे, जमिनीवर उसाच्या पाचटाचे आच्छादन घालणे आणि शक्य असेल तेथे ३५ ते ५० टक्के सावलीची जाळी लावणे, हे उपाय बहुतेकांना परिचित आहेत. पाने काढण्याबाबत मात्र हात आखडता घ्यावा. तारकाठीवर बांधणी करताना खालची पाने साफ करण्याची सवय हिवाळ्यात योग्य असते, उन्हाळ्यात तीच पाने फळांची छत्री असतात. उघडी पडलेली फळे पश्चिमेच्या बाजूने पांढरी पडून भाजतात आणि व्यापारी असा क्रेट बाजूला सारतो.

आणखी एका गोष्टीकडे ग्रामपंचायतींनी जातीने लक्ष द्यावयास हवे. टोमॅटोची तोडणी बहुतांशी स्त्रिया करतात. गाडी संध्याकाळी निघणार म्हणून भर दुपारी वाकून तोडणी चालते. फुलांना जपण्यासाठी जाळी आणि तोडणाऱ्या बाईला पदराचा आधार, असे दृश्य अनेक शिवारांत दिसते. लाटेच्या दिवसांत तोडणी सकाळी अकराच्या आत आणि चारनंतर करावी, बांधावर सावली व पिण्याचे पाणी असावे, असा ठराव ग्रामसभेत करता येतो. वाहतूकदारांनीही त्यानुसार गाडीची वेळ पुढे ढकलावी, यासाठी सरपंचांनी बोलणे आवश्यक आहे. एकट्या शेतकऱ्याच्या सांगण्याने गाडी थांबत नाही.

शाळेच्या व्हरांड्यात, सावलीच्या बाजूला, कमाल-किमान तापमापक टांगण्यास फारसा खर्च येत नाही. दररोज सकाळी त्याचे वाचन विद्यार्थ्यांनी फळ्यावर लिहावे. हवामान विभागाचा कृषिसल्ला मंगळवारी व शुक्रवारी मिळतो, तोही शेजारी लावावा. रात्रीचे तापमान सलग चार-पाच दिवस २४ अंशांखाली उतरले नाही, तर पुढील पंधरवड्यात फुले गळणार, हे गावाला आधीच कळेल आणि फवारणीच्या औषधासाठी दुकानाकडे निघालेला शेतकरी वाटेत शाळेच्या फळ्यापाशी क्षणभर थांबेल.